रेस दिली की गाडी का थरथरते?

आम्ही पेशाने कारकून. रात्रीच्या कॉलेजात बी.कॉम. केले आणि त्यानंतरची बावीस वर्षे फायली, व्हाउचर आणि टाचण्या यांत गेली. तेव्हा मोटारीच्या दुरुस्तीवर आम्ही लेख लिहावा, हे वाचून आमच्या ऑफिसातील मंडळी हसतील यात शंका नाही. आम्हाला तर गाडी चालवताही येत नाही. परंतु गेल्या वर्षी पाच महिने आम्ही एका गाडीच्या थरथरीमागे फिरलो. कारण सरळ आहे. त्या गाडीच्या कर्जाला जामीन म्हणून आमची सही आहे.

आमच्या शेजारी राहणाऱ्या आक्का पोळीभाजी केंद्रात काम करतात. त्यांच्या धाकट्या मुलाने बारावीनंतर चार वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हरकी केली. रात्री गाडी मालकाच्या दारात लावायची आणि आपण शेवटच्या लोकलने घरी यायचे. अखेर आक्कांनी कानातले मोडले, उरलेली रक्कम पतपेढीकडून उचलली आणि पिवळ्या पाटीची, सीएनजीवर चालणारी एक छोटी सेकंडहँड गाडी दारात आली. महिन्याचा हप्ता रु. ९,८००. त्या दिवशी आक्कांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले.

तीन महिने बरे गेले. मग नाशिकला एका लग्नाला आम्ही त्याच गाडीने निघालो. आक्का, त्यांची लेक, नातू आणि आम्ही. शहापूरपर्यंत सारे ठीक होते. कसारा घाट लागला, चढ सुरू झाला आणि सीटखाली कुणी पिठाची गिरणी चालू केली की काय असे वाटू लागले. पाय ठेवायची पत्र्याची जागा थरथरत होती, दारे बारीक खडखडत होती. आक्कांच्या मांडीवरचा स्टीलचा डबा वाजू लागला. नातवाला मजा वाटली, पण ड्रायव्हरच्या सीटवरच्या पोराच्या कपाळावर घाम होता. वळणावर त्याने रेसवरचा पाय उचलला की थरथर जायची, पुन्हा दाबला की यायची. हे सर्वांच्या देखत घडत होते आणि आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. आम्ही सारे तो डबा घट्ट धरण्यात गुंतलो होतो.

पाच गॅरेज आणि तेरा हजार शंभर

पुढची हकीकत आमच्या वहीतूनच सांगतो, कारण बिले आम्ही जपून ठेवली आहेत.

पहिल्या ठिकाणी पोराने सांगितले, "गाडी व्हायब्रेट होते." त्यांनी चारही चाकांचे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून दिली. रु. १,२००. फरक नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितले, "पिकअपला झटके मारते." त्यांनी स्पार्क प्लग बदलले. रु. ९००. फरक नाही. तिसऱ्याने पुढचे टायर एका बाजूने झिजलेले दाखवले, ते तसे होतेही. दोन नवे टायर, रु. ६,८००. गाडी रस्त्यावर जरा मऊ चालू लागली, पण चढावर गिरणी सुरूच. चौथ्याने बॉनेट उघडून इंजिन फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर टेकलेले असते त्यांपैकी एक, फाटल्याचे दाखवले. ते खरोखरच फाटले होते. रु. ३,६००. सिग्नलला उभी असताना गाडी हलायची ते यामुळे थांबले आणि दोन दिवस आम्ही सारे आनंदात होतो. तिसऱ्या दिवशी चार प्रवासी घेऊन तो पुलावर चढला आणि परत तेच. पाचव्या ठिकाणी पुन्हा बॅलन्सिंग, रु. ६००.

एकूण रु. १३,१००. शिवाय गाडी नऊ दिवस उभी राहिली, त्या दिवसांची कमाई गेली ती वेगळीच. दोन प्रवाशांनी गाडी खराब असल्याची तक्रार मोबाईलवर नोंदवली. हप्ता एकदा आठ दिवस उशिरा गेला.

हे पाचही कारागीर लबाड होते असे आम्ही म्हणणार नाही. "व्हायब्रेट होते" एवढेच कुणी सांगितले तर बॅलन्सिंग करणारा बॅलन्सिंगच करील. "झटके मारते" ऐकल्यावर प्लगकडे हात जाणारच. जुन्या गाडीत जे उघडाल ते थोडेबहुत झिजलेले सापडतेच, आणि सापडलेला दोष हाच शोधत असलेला दोष आहे असे गिऱ्हाईक व मेकॅनिक दोघांनाही वाटते. चूक कुठे होती ते पुढे येईल.

एका रात्री आक्का आमच्या दारात आल्या. बसायला सांगितले तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, सही तुमची आहे म्हणून तुम्हाला आधी सांगते. पोरगं गाडी विकतो म्हणतंय. एजंट आला होता." एजंटाने सांगितलेला भाव कर्जाच्या बाकीपेक्षा बराच कमी होता. म्हणजे गाडी जाणार, कानातले तर गेलेच होते, आणि वर पतपेढीचे देणे तसेच उभे. आमच्या पत्नीने आमच्याकडे पाहिले. जामीनदाराच्या बायकोला काय वाटते ते वाचकांनी समजून घ्यावे.

"कधी पण थरथरणारी गाडी मी पाहिली नाही"

आमच्या वस्तीत तात्या आहेत. एस.टी.च्या कार्यशाळेत तीस वर्षे मेकॅनिक म्हणून काढून निवृत्त झाले. हल्ली गुडघे दुखतात म्हणून गाडीखाली शिरत नाहीत, पण सकाळी वाचनालयात पेपर वाचायला येतात. रविवारी आम्ही पोराला घेऊन त्यांना गाठले. जयभीम झाला. आम्ही बिलांची चळत पुढे केली. त्यांनी ती चाळली, बाजूला ठेवली आणि पोराला विचारले, "गाडी कधी थरथरते?"

"कधी पण, तात्या."

"कधी पण थरथरणारी गाडी मी अजून पाहिली नाही. नीट सांग."

पोराला सांगता येईना. तात्या म्हणाले, डेपोत ड्रायव्हर गाडी लावताना दोष सांगायचा. "गाडी आवाज करते" एवढेच सांगून गेला की आमचा दिवस वाया. "तिसऱ्या गिअरला, चढावर, पाय दाबला की आवाज येतो" असे सांगितले की निम्मे काम तिथेच झालेले असे. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "कारकूनसाहेब, याला एक वही आखून द्या."

आयुष्यात प्रथमच आमच्या विद्येला गॅरेजात किंमत आली. आम्ही चाळीस पानी वहीत रकाने आखले: वेग किती, गिअर कोणता, पाय दाबलेला की उचललेला, गॅसवर की पेट्रोलवर, माणसे किती, सपाट की चढ, थरथर आहे की नाही. तीन दिवस पोराने सिग्नलला थांबून थांबून ती भरली. अक्षर गचाळ होते, पण नोंद चोख होती.

ताशी ३० ते ६०, तिसरा गिअर, पाय दाबलेला: थरथर. तोच वेग, तोच गिअर, पाय उचललेला: काही नाही. ताशी ८० ला सपाट रस्त्यावर पाय हलका ठेवून: काही नाही. पेट्रोलवर आणि सीएनजीवर सारखेच. उभ्या गाडीत न्यूट्रलमध्ये रेस देऊन: काही नाही. एकटा असताना थोडी, चार माणसे घेऊन पुलावर चढताना जोरात. ब्रेक मारताना: नाही.

तात्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचले. बॉनेट उघडले नाही की गाडीला हातही लावला नाही. म्हणाले, "चाक नाही. इंजिन बहुतेक नाही. या दोघांच्या मधे जे आहे ते."

पाय काय सांगतो

हे त्यांनी कशावरून ओळखले ते आम्ही त्यांच्याकडून समजून घेतले. ज्यांच्या घरी गाडीवर पोट आहे त्यांनी ते जरूर वाचावे.

चाकाचे बॅलन्स बिघडले असेल, म्हणजे एका बाजूला काही ग्रॅम वजन जास्त असेल, तर थरथर येते ती चाकाच्या फेऱ्यांमुळे. तेरा इंची रिमचे छोट्या गाडीचे चाक ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला साधारण १२ फेरे घेते. प्रत्येक फेऱ्याला एक धक्का. अशी थरथर बहुधा ८० ते १००च्या दरम्यान जोर धरते. पुढच्या चाकाची असेल तर स्टेअरिंगमध्ये जाणवते, मागच्याची असेल तर सीटखाली. पण मुख्य गोष्ट अशी की पाय दाबा नाहीतर उचला, चाकाला त्याचे सोयरसुतक नसते. तो वेग आहे तोपर्यंत तो हादरा आहे. आमच्या पोराची थरथर पाय उचलताच जात होती. म्हणजे बॅलन्सिंगचे रु. १,८०० पहिल्या दिवशीच वाचले असते.

इंजिनाचे तसे नाही. प्लग, कॉइल किंवा इंधनाचा पुरवठा बिघडला की एखादा सिलिंडर मधूनच जळत नाही. त्याला आपले मेकॅनिक "मिसिंग" म्हणतात. ती थरथर एकसारखी नसते, आचके बसतात, पिकअप पडतो, बरेचदा उभ्या गाडीतही इंजिन कुथते. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते, म्हणून कमजोर झालेला प्लग किंवा कॉइल आधी गॅसवर उघडा पडतो. गॅसवर झटके आणि पेट्रोलवर गाडी सुरळीत, असे असेल तर शोध ठिणगी आणि गॅस यांच्या बाजूने सुरू करावा. मात्र केवळ भाराखाली चुकणारा प्लगही असतो, तो उभ्या गाडीत सापडत नाही. म्हणून तात्यांनी "बहुतेक" म्हटले आणि स्कॅनर लावून एकदा खात्री करून घ्यायला सांगितले. आजकालच्या गाड्यांत सिलिंडर चुकला की संगणक त्याची नोंद ठेवतो. आमच्या गाडीत अशी नोंद नव्हती. येथे एक सूचना द्यावीशी वाटते. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी दामटू नये. न जळालेले इंधन सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो, आणि त्याची किंमत ऐकून माणूस खाली बसतो.

इंजिन फाउंडेशन फाटले तर सिग्नलला उभी असताना गाडी हलते आणि क्लच सोडताना किंवा पाय झटकन उचलताना "धप्प" असा धक्का बसतो. क्लच प्लेटला तेल लागले असेल तर गाडी फक्त सुटताना, पहिल्या गिअरला, कुडकुडते आणि क्लच पुरता सुटला की शांत होते. ब्रेक दाबल्यावरच थरथर असेल तर डिस्क पाहावी. ही सारी थरथरच, पण प्रत्येकीची वेळ निराळी.

तीन बोटांचा सांधा

त्या रात्री तात्यांनी पोराला गाडी मुरबाड रस्त्याला घ्यायला लावली. आम्ही मागे बसलो. तिसऱ्या गिअरला चाळीसवर ते म्हणाले, "दाब." थरथर सुरू. "पाय काढ." बंद. "दाब." सुरू. असे सहा वेळा झाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओळखीच्या गॅरेजात गाडी उचलली. डाव्या चाकाकडे जाणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा गिअरबॉक्सकडचा रबरी बूट क्लिपेजवळ फाटलेला होता आणि आतले काळे ग्रीस आजूबाजूला सर्वत्र उडालेले होते. तात्यांनी शाफ्ट हाताने धरून वरखाली केला. आम्हाला काही दिसले नाही. त्यांना कळले.

हा भाग करतो काय, ते थोडे सांगतो. जुन्या मुंबईकरांना प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आठवत असेल. काळी-पिवळी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २००३ सालच्या ऑक्टोबरची, आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. तिचे इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तिची ताकद पुढच्याच चाकांना जाई, आणि आजच्या बहुतेक छोट्या गाड्या तशाच आहेत. अडचण अशी की पुढची चाके खड्ड्यात वरखाली होतात, शिवाय वळतातही, आणि इंजिन मात्र जागच्या जागी. मधल्या दांड्याने वाकलेल्या स्थितीतही एकसारखे फिरत राहायचे, आणि चाक हलेल तसे थोडे लांब-आखूडही व्हायचे. फोर्डच्या कारखान्यातील अभियंता आल्फ्रेड झेपा याने १९२० च्या दशकात असा एकसारखा फिरणारा सांधा शोधला आणि १९५९ सालच्या ब्रिटिश मिनी गाडीने तो घरोघरी नेला. चाकाकडच्या बाजूला साधारण त्याच जातीचा, पोलादी गोळ्यांचा सांधा असतो. गिअरबॉक्सकडच्या बाजूला बहुतेक छोट्या गाड्यांत निराळा असतो. एका पोलादी वाटीत तीन खोबणी, आणि त्यांत बसणारा तीन बोटांचा तुकडा. प्रत्येक बोटावर एक रोलर. बोटे वाटीत आतबाहेर सरकतात आणि ताकदही पोचवतात.

ग्रीस आहे तोवर हे वर्षानुवर्षे चालते. बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि धूळ, पाणी आत. रोलर खोबणीच्या भिंतीला घासून तिथे घळी पाडतात. मग जोर लागला की रोलर सरळ न सरकता त्या घळीत अडतो आणि सुटतो. दर फेऱ्याला तीनदा. ताशी ४० ला चाकाचे सेकंदाला सहा फेरे होतात, म्हणजे अठरा धक्के. तीच आमची गिरणी! पाय उचलला की सांध्यावरचा जोर जातो, रोलर सैल पडतात, गिरणी थांबते.

ज्यांनी सायकल चालवली आहे त्यांना हे लगेच पटेल. पायडलच्या क्रँकची कॉटर सैल झाली की चढावर पाय दाबताना दर फेऱ्याला कट्‌ कट्‌ होते. उतारावर पाय थांबवून बसा, सायकल तितक्याच वेगात पळते आणि आवाज नाही. कॉटर ठोकायच्या ऐवजी आपण कधी टायर बदलला आहे काय? पण गाडीच्या बाबतीत आम्ही नेमके तेच केले, आणि वर रु. ६,८०० मोजले.

चाकाकडचा बाहेरचा सांधा झिजला तर तो वेगळ्या भाषेत बोलतो. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेतली की टक-टक-टक असा आवाज येतो. सरळ रस्त्यावर जोर देताना थरथर, तर आधी आतला सांधा पाहावा.

एक गोष्ट आणखी निघाली. स्पीडब्रेकरला गाडीचे पोट घासते म्हणून पोराने पुढच्या स्प्रिंगांत रबरी बफर घालून गाडी उंच करून घेतली होती. बरेच ड्रायव्हर करतात. गाडी उंच झाली की शाफ्टचा कोन वाढतो, आणि कोन जितका जास्त तितका या तीन बोटांच्या सांध्याचा त्रास जास्त. तात्यांनी ते बफर दोन बोटांनी उचलून पोराच्या हातात दिले. बोलले काही नाही.

दुरुस्ती अशी झाली: आतला सांधा रु. २,६००, बूट, क्लिपा आणि ग्रीस रु. ४५०, ऑइल सील व गिअर ऑइल रु. ९००, मजुरी रु. ८००. एकूण रु. ४,७५०. शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढला की गिअर ऑइल बाहेर येते, म्हणून ते भरणे आणि सील पाहणे हे कामाचाच भाग आहे. त्यावर कुणी "कशाला" म्हणू नये. या सांध्यात डब्यातले कुठलेही ग्रीस चालत नाही, किटसोबत येते तेच भरावे. चाकाच्या मधला मोठा नट मापाने आवळून त्याची कड ठोकून अडकवतात, ते झाले की नाही हे डोळ्यांनी पाहावे.

ताकद मागच्या चाकांना जाणाऱ्या गाड्या मात्र आजही आहेत. आमच्याच गल्लीत एक भाऊ ईको चालवतात, भाजी मार्केटचा माल नेतात. त्यांच्या गाडीची थरथर पोटाखालून यायची आणि गिअर टाकताना "कडक" असा आवाज. तिथे इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत लांब प्रोपेलर शाफ्ट असतो आणि त्याचे सांधे म्हणजे आपले नेहमीचे क्रॉस. एक क्रॉस वाकडा फिरताना दर फेऱ्यात दोनदा मागेपुढे करतो, दुसरा ते भरून काढतो. म्हणून शाफ्ट काढण्याआधी दोन्ही बाजूंना रंगाची खूण करावी आणि खुणेला खूण लावूनच बसवावा. त्यांच्याकडे नवे क्रॉस घालूनही थरथर राहिली होती, ती केवळ शाफ्ट एक घर फिरवून बसवल्यामुळे. खूण घासून शोधली, जुळवली, काम झाले. त्याचे पैसे तात्यांनी घेतले नाहीत, भाजी घेतली.

आणि एका बाबतीत वही वगैरे काही नको, गाडी लगेच बाजूला घ्यायची. पंक्चर काढल्यावर किंवा चाक बदलल्यावर नवीनच थरथर सुरू झाली तर आधी चाकाचे नट पाहावेत. पाना लावून समोरासमोरचे, असे आळीपाळीने आवळावेत आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाहावेत. तसेच टायरच्या बाजूला फुगवटा आला असेल तर तो टायर त्याच दिवशी काढावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कुणीही शिरू नये, मग तो कितीही जुना मिस्त्री असो.

गॅरेजात आपण गप्प का बसतो?

काम झाल्यावर परत येताना आम्ही पोराला विचारले, पाय उचलल्यावर थांबते हे तुला खरेच कळले नव्हते? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "कळलं होतं, मामा. पण तिथे जास्त बोललो तर आपल्याला काही येत नाही हे त्यांना कळंल, म्हणून 'बघा काय ते' एवढंच म्हणायचो."

आम्हाला ते लागले. कारण हे आम्ही ओळखतो. दवाखान्यात, बँकेत, साहेबांच्या केबिनबाहेर आपली माणसे अशीच "बघा काय ते" म्हणून उभी राहतात. ज्याच्या अंगाखाली गाडी दिवसाला बारा तास आहे, त्याच्याइतके त्या गाडीचे दुखणे कुणाला ठाऊक? मेकॅनिकला सांधा ठाऊक, पण तो सांधा कधी कुरकुरतो हे ड्रायव्हरलाच ठाऊक. तेव्हा बोलावे. "माझ्यासोबत एक फेरी मारा, थरथर दाखवतो" असे म्हणावे. चांगला कारागीर नाही म्हणत नाही, आणि जो फेरी न मारताच सामान सांगतो त्याच्याकडे आम्ही तरी पुन्हा जाणार नाही. बदललेला जुना भाग परत मागावा. तो आपला आहे. बिल घ्यावे, निदान कागदावर लिहून तरी घ्यावे. आमच्या घरी तो झिजलेला सांधा अजून आहे. खोबणीत नख फिरवले तर घळ लागते. गल्लीतली ड्रायव्हर मुले येऊन बघून जातात, आणि आमच्या पत्नीला त्याचे ग्रीस कपाटाला लागल्याबद्दल अजून राग आहे.

मे महिन्यात आक्कांना घेऊन पुन्हा नाशिकला जाणे झाले. माणसे तेवढीच आणि डबाही तोच. घाट चढताना आक्का पुन्हा पुन्हा डब्यावर हात ठेवून पाहत होत्या. हप्ते आता वेळेवर जातात. वही चालूच आहे, फक्त अक्षर थोडे सुधारले आहे. परवा सर्व्हिसिंगला तात्यांनी उजव्या बाजूचा बूट वाकवून पाहिला, घडीत बारीक चीर दिसली. ग्रीस अजून आत आहे. पावसाळ्याआधी नुसता बूट बदलून घ्यायचा आहे, त्यासाठी पोराने वहीच्या शेवटच्या पानावर रु. ४५० लिहून ठेवले आहेत.